आतली काच

मित्रांनो, मी एक जुना फुल-फ्रेम कॅमेरा आहे. फुल-फ्रेम म्हणजे माझ्या आतला प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा. आभाळाचे फोटो काढणाऱ्यांना असेच कॅमेरे आवडतात. वजन मात्र दगडासारखं. गळ्यात अडकवणारे मला मनातल्या मनात शिव्या घालतात आणि मला त्याचं काही वाटत नाही.

पहिल्यापासून माझा मालक एकच, एक घड्याळजी. त्यांना रात्रीच्या आभाळातल्या, ताऱ्यांमधल्या एका लाल वायूच्या ढगाचं वेड होतं. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माझ्या सेन्सरपुढे कारखान्यात बसवलेली एक काच होती, ती नेमका तोच लाल प्रकाश अडवायची. एका सुटीच्या दुपारी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मला उघडलं आणि ती काच काढून टाकली. हात इतका हलका, की मला कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून तो ढग मला निखाऱ्यासारखा दिसू लागला. त्याचे फोटो त्यांनी पलंगासमोरच्या भिंतीवर लावले. दिवसा मात्र माझ्यातून सगळं जगच लालसर यायचं.

"अहो, हा माझा फोटो आहे की टोमॅटोचा?" त्यांच्या पत्नी, म्हणजे आजी, विचारायच्या.

"या वयात लाली आलीये, मिरव की जरा!"

खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आतलं काम बोलून दाखवायचं नाही, ही त्यांच्या धंद्यातली शिस्त, ती घरातही सुटली नाही. मलाही तेव्हा त्याचा मोठा अभिमान वाटायचा.

मग आजी गेल्या. आणि एका सकाळी माझ्या मालकांना, म्हणजे आजोबांना, अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, लिहिता हातही गेला.

त्यांच्या नातीने मनावर घेतलं, की तो ढग आता आपण टिपायचा आणि आजोबांना दाखवायचा. नवा कॅमेरा घ्यावा की मीच चालेन, हे ठरवायला ती मला घेऊन दुकानात गेली. दुकानदार भला माणूस, पण आभाळाच्या वाटेला कधी गेला नव्हता. त्याने दोन्ही कॅमेऱ्यांनी तिचे फोटो काढले. नव्यात ती होती तशी आली, माझ्यात लालबुंद.

"याचे रंग गेलेत. नवाच घ्या."

"आजोबांचा आहे हो. नीट नाही का होणार?"

त्याने मला खोलून पाहिलं. "अहो, यातली काचच गायब आहे! थांबा, बसवून देतो."

नको, नको, असं मी किती ओरडलो! पण कॅमेऱ्याला तोंड कुठलं? एवढ्या चकचकीत नव्यांमधून तिने मला निवडलं, आणि त्या मायेपायीच मी आंधळा झालो.

पुढच्या चार रात्री ती गच्चीवर थंडीत कुडकुडत बसली. तिने काही म्हणता काही चुकवलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती मला घेऊन आजोबांच्या पलंगाशी आली.

"आजोबा, ढग अगदीच फिका आलाय. तुमच्यासारखा नाही जमला मला."

आजोबांनी फोटो पाहिला आणि त्यांना सगळं उमगलं. ते जोरजोरात मान हलवू लागले. डाव्या हाताने माझ्या भिंगावर बोटं आपटू लागले. घशातून नुसताच आवाज येत होता.

"चिडू नका ना, आजोबा," ती रडवेली झाली. "नाही लावणार पुन्हा हात तुमच्या कॅमेऱ्याला."

तिने मला पिशवीत घालून कपाटात ठेवलं. तो आवाज बराच वेळ येत होता. मी काय करणार होतो?

मित्रांनो, बिघाड दिसला की आधी विचारा, मग हात घाला, असं मी म्हणालो असतो. पण त्या पोरीने विचारायचं तरी कुणाला? म्हणून माझी विनवणी मोठ्यांना आहे. वस्तू जपाच, पण तिच्या आत आपण काय केलंय ते जीभ चालतेय तोवर कुणाच्या तरी कानावर घालून ठेवा.

आणि तुमच्यापैकी कुणाला ती भेटलीच, तर तिला सांगा, की तिचं काहीही चुकलं नव्हतं.