चिंधीचा डावा कान

आधीच सांगतो, मला कुत्रं नको होतं. मांजर नको होतं, पोपट नको होता, खिडकीतल्या कुंडीतलं झाडसुद्धा मी नाइलाजाने सहन करतो. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. खाली दुकान, वर घर. दुकानात मला शांतता लागते, कारण माझं सगळं काम कानावर चालतं. मशीन टेबलावर ठेवलं की मी डोळे मिटायचो, चाक दोनदा फिरवायचो आणि सांगून टाकायचो: शटल घासतंय, सुई वाकडी आहे, आत दोरा अडकलाय. उघडून बघा, तसंच निघणार. तीस वर्षं हे चाललं. लोक मला 'कानवाले मिस्त्री' म्हणतात, आणि मीही ते मोठ्या ऐटीत म्हणवून घेतो.

आता खरं सांगतो, कारण खोटं सांगून झालंय. गेल्या दोन वर्षांत ते कान गेले होते. अगदी ठार बहिरा नव्हतो. धडधड, खडखड, बायकोचं ओरडणं, सगळं व्यवस्थित पोचायचं. पण ते बारीक चिरकणं, किरकिरणं, ज्यावर माझं नाव उभं होतं, नेमकं तेच ऐकू येईना. मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, म्हणजे हाडातून थोडंफार कळायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्रींची काहीतरी खास पद्धत आहे. कानवाल्या मिस्त्रीला ऐकू येत नाही, हे एकदा बाहेर फुटलं असतं तर दुकानाला कुलूपच. पोटाचा प्रश्न होताच, पण खरं म्हणजे अब्रूचा जास्त होता.

अशात एका रविवारी आमची लेक उगवली. दुसऱ्या गावी नवीन नोकरी, नवीन खोली, आणि घरमालकाला जनावर चालत नाही म्हणे. तिने हातातली पिशवी जमिनीवर ठेवली आणि त्यातून एक कुत्री बाहेर आली.

"आई पॉमेरेनियन, वडील डॅशहंड," लेक म्हणाली, स्थळ सुचवल्यासारखी.

मी चष्मा पुसून बघितलं. अंग लांबलचक, पाय मात्र कापड कमी पडल्यासारखे आखूड. शेपटी एवढी झुपकेदार की ती दुसऱ्याच कुत्र्याची असावी. पाठ तपकिरी, पोट पांढरं, एका डोळ्याभोवती काळं ठिगळ. उजवा कान ताठ उभा, डावा लोंबता.

"हे काय, उरल्यासुरल्या चिंध्या जोडून केलंय का?" मी म्हणालो.

झालं, नाव पडलं. तिला आधी काहीतरी गोड नाव होतं, पण संध्याकाळपर्यंत सगळे चिंधीच म्हणायला लागले. लेकसुद्धा.

"दुकानात आवाज खपवून घेणार नाही," मी बजावलं. "एक दिवस जरी कटकट केली, तर पहिल्या गाडीने परत."

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, माझ्या धाकाने.

आणि काय सांगू, त्या कुत्रीने माझा शब्द पाळला! पोस्टमन आला तर एकदा भुंकायची, तेवढंच. बाकी सकाळी मी दुकान उघडलं की जिना उतरून यायची, माझ्या स्टुलासमोर बसायची आणि मान वर करून माझ्याकडे बघायची. तोंड जरासं उघडं, गळा किंचित हलतोय, आवाज मात्र शून्य.

"काय गं?" मी विचारायचो.

ती बघतच राहायची.

"शहाणी आहेस," मी म्हणायचो आणि कामात डोकं घालायचो. ती आणखी दहा मिनिटं तशीच बसून राहायची आणि मग माझ्या चपलेवर हनुवटी टेकवून आडवी व्हायची.

"काय शांत जनावर आहे!" मी एकदा जेवताना म्हणालो.

बायकोचा घास हातातच राहिला. "शांत? ही?"

"मग? दिवसभरात हूं की चूं नाही."

तिने घास ताटात परत ठेवला. मग ताट घेऊन उठली आणि नळाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली. मी सगळे नवरे डोलावतात तशी मान डोलावली.

महिन्याभराने ती गंमत लक्षात आली. एका शिंप्याचं मशीन टेबलावर होतं. चाक फिरवलं, मला तर ते लोण्यासारखं चालतंय असं वाटलं. खाली चिंधी झोपलेली. सहज नजर गेली तर तिचा तो लोंबता डावा कान हळूहळू वर येत होता. मी चाक थांबवलं, कान पडला. फिरवलं, कान वर. मशीन उघडून बघतो, तर शटल कोरडं ठणठणीत, एका कडेला घासून चमकतंय! म्हणजे ते चिरकत होतं आणि मला पत्ता नव्हता.

"अगं माझी बाय!" मी म्हणालो आणि चहातला अर्धा टोस्ट तिला दिला.

त्या दिवसापासून आमची भागीदारी सुरू झाली. मी स्टुलाशेजारी खोकं मांडलं आणि त्यावर तिला बसवू लागलो. हळूहळू मला ती कळायला लागली. चिरकलं की डावा कान वर. आत काही ठोकत असेल तर मान वाकडी. मशीनचा पट्टा ढिला असला की शिंकायची आणि उठून बाहेर जायची, तिला पट्ट्याचा काय राग होता देव जाणे. मी डोळे मिटल्याचं सोंग करायचो, एका पापणीच्या फटीतून तिच्याकडे बघायचो आणि दोष सांगायचो. दरवेळी बरोबर! दरवेळी तिला टोस्ट!

"मिस्त्री, कुत्रीला काम शिकवताय का?" गिऱ्हाइकं विचारायची.

"ती मला शिकवतेय," मी म्हणायचो आणि गिऱ्हाइकं हसायची. एवढी उघड उघड खरी गोष्ट सांगूनही कुणाला कळत नव्हतं, याची मला भारी मजा वाटायची. आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे, ती मला आवडायला लागली होती. लेकीचा फोन आला आणि ती म्हणाली, "बाबा, एक ओळखीचे न्यायला तयार आहेत चिंधीला," तेव्हा मी इतक्या जोरात "कशाला?" म्हणालो की बायको वरून धावत आली.

मी स्वतःला मोठा हुशार समजत होतो. हुशार कोण होतं ते पुढे कळलं.

पाच महिन्यांनी गणवेशवाल्या बाईंचा फोन आला. त्यांचा शिवणाचा कारखाना आहे, चौदा मशीनं, सगळे शाळांचे गणवेश. शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते. "मिस्त्री, एक मशीन सकाळपासून नुसतं बारीक सुरात बोंबलतंय. सगळ्यांचं डोकं उठलंय. लगेच या."

कुठलं मशीन, ते त्यांनी सांगितलं नाही. बोंबलणारं मशीन कुठलं हे काय कुणाला सांगावं लागतं? मला लागत होतं. पण विचारणार कोणत्या तोंडाने?

मी हत्यारांच्या पिशवीत चिंधीला बसवलं आणि निघालो.

आत चौदा जणी चौदा मशीनांवर वाकलेल्या. बाई दारातच भेटल्या. "ऐकताय ना?"

"ऐकतोय की," मी म्हणालो. मला चौदा मशीनांची धडधड तेवढी ऐकू येत होती. मी पिशवी छातीशी धरून ओळीतून चालायला लागलो. पिशवीतून चिंधीचं डोकं बाहेर. एकदा गेलो, एकदा परत आलो. तिसऱ्या मशीनपाशी तिचा डावा कान ताडकन उभा राहिला. माझा जीव भांड्यात पडला.

"हे," मी म्हणालो.

"माझं?" मशीनवरची ताई चकित झाली.

"तुमचंच. व्हा बाजूला."

मी मशीन बंद करून उघडलं. शटल काढलं, कापड पुढे सरकवणारे दात काढले, सगळे भाग फडक्यावर मांडले. दोष सापडेना! मशीन आरशासारखं स्वच्छ. माझ्या कपाळावर घाम आला. चिंधीचा कान अजून वरच, आणि डोळे त्या ताईच्या खणावर खिळलेले. ताईने खण उघडला. आत डबा, डब्यात टोस्ट.

"हिला हा हवाय वाटतं," ती म्हणाली.

पाच महिने कान वर झाला की टोस्ट, कान वर झाला की टोस्ट. समोर टोस्ट असला की तिला मशीनच्या चिरकण्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं, आणि मी मात्र डोळे मिटून मिरवत होतो.

चिंधीने पिशवीतून उडी मारली, टोस्ट खाल्ला आणि आखूड पायांनी तुरुतुरु पलीकडच्या खिडकीपाशी गेली. तिथल्या मशीनसमोर बसली, मान वर केली, तोंड जरासं उघडलं. मी त्या मशीनवरच्या ताईंकडे बघितलं. त्यांनी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले होते.

त्या मशीनला खेटून मी दोनदा गेलो होतो.

एकेक मशीन थांबत गेलं. चौदा जणी माझ्याकडे बघत होत्या. कुणीही हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. तीस वर्षांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं, आणि मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

गणवेशवाल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. अगदी समोर उभ्या राहून, सावकाश बोलल्या. "मिस्त्री, माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. खिडकीतल्या मशीनला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. चार दिवस तेरा मशीनांवर भागवते. तुम्ही आधी कान दाखवून या."

मी तिसरं मशीन मुकाट्याने जोडलं आणि घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिला काही आश्चर्य वाटलेलं दिसेना.

"मला दोन वर्षं माहीत आहे," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले! दहा वेळा बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही."



दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. आमच्या लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मला एका खोक्यासारख्या खोलीत बसवून आवाज ऐकवले आणि म्हणाल्या, "काका, कान गेले नाहीत, वरचे बारीक आवाज तेवढे गेलेत. तुमचं यंत्र यायला वेळ लागेल, तोवर हे वापरून बघा." शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं त्यांनी कानांमागे बसवून दिली.

बाहेर पडलो आणि दचकलोच. माझ्या चपला वाजत होत्या. हातातली कागदी पिशवी चुरचुरत होती. कुठेतरी वर पाखरं ओरडत होती, आणि मला वाटत होतं की आमच्या गल्लीतली पाखरं कधीच उडून गेलीत. मी रस्त्यात उभा राहून ऐकत राहिलो, मागच्या सायकलवाल्याच्या शिव्यासुद्धा अगदी स्पष्ट ऐकल्या.

दुकानाचं दार ढकललं आणि तो आवाज आला. बारीक, चढत जाणारा, मध्येच वळणारा, पुन्हा चढणारा. कुईं... ऊंऊं... कुईईं!

"बिजागरी!" मी म्हणालो. काय आनंद झाला म्हणून सांगू! तीस वर्षांचा कान परत आला होता. पिशवी टाकली, तेलाची कुपी घेतली आणि बिजागरीत तेल सोडलं. आवाज चालूच. मग स्टूल. स्टुलाच्या चारी पायांना तेल. आवाज चालूच! पंखा असणार. टेबलावर चढलो, पंख्याला तेल दिलं, थोडं स्वतःच्या डोक्यावर सांडलं. आवाज आता उलट वाढला होता.

जिन्यात बायको बसली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिने फक्त बोटाने खाली दाखवलं.

स्टुलाजवळ चिंधी बसली होती. मान वर, डोळे माझ्यावर, तोंड जरासं उघडं. गळा हलत होता.

मी टेबलावरून खाली उतरलो. "ही... ही रोज असं करते?"

"रोज," बायको डोळे पुसत म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही दुकान उघडलं की खाली जायचं आणि तुमच्यासमोर बसून हे सगळं सांगायचं. मी म्हणायचे, अगं, त्यांना नाही गं ऐकू येत, मला सांग. पण नाही. तिला तुम्हालाच सांगायचं असायचं."

सहा महिने एक जीव रोज सकाळी माझ्यासमोर बसून बोलत होता, आणि मी तिला शहाणी म्हणून पाठ फिरवत होतो. आणि तरी रोज ती पुन्हा येऊन बसत होती.

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसकण मारली, तेलकट डोक्यानेच. "बोल," मी म्हणालो.

ती बोलली. आधी सावकाश, मग जोरात, मग तक्रारीच्या सुरात. टोस्टबद्दल असेल, पिशवीत कोंबल्याबद्दल असेल, त्या पट्ट्यांबद्दलही असेल. मी "हो का?" म्हणालो की क्षणभर थांबायची आणि पुन्हा सुरू. डावा कान तिने एकदाही वर केला नाही.

वर फोन वाजला. तोही मला ऐकू आला. बायको वर गेली आणि तो कानाशी धरून परत जिन्यात आली. "गणवेशवाल्या बाई आहेत. मशीन बघायला कधी येताय, विचारतायत."

"येतोच म्हणावं," मी म्हणालो. "पण थोडं थांबायला सांग. हिचं अजून संपलेलं नाही."