विरळ पट्टीचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे खरा, पण जन्मलो तेव्हा पडदा नव्हतो. भिवंडीच्या एका कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, विणलेलं मी साधं, कोरं सुती कापड. रंग नाही, नक्षी नाही, तरी माझा तोरा कमी नाही. मला सावळारामने विणलं आहे.

सावळाराम खारबावहून शिफ्टला येई. सगळे लूम एकदम खडखडू लागले की तिथे शेजारच्याचाही शब्द ऐकू येत नसे. म्हणून कारागीर आवाज न काढता नुसते ओठ हलवून आणि हातवारे करून बोलत. सावळाराम त्यात पटाईत. त्याने बोट वर करून हवेत गोल फिरवलं की समजायचं, ‘चालू दे’. हे बोलणं त्याने आपल्या लेकीला, मेघालीलाही शिकवलं. लहानपणी ती आईच्या पाठीमागे उभी राहून बापाशी असंच बोले. आई गोदू चिडली की दोघं पोट धरून हसत.

माझ्या अंगावर एक खोट आहे, ती लपवत नाही. त्या दिवशी धोट्यातला, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या नळीतला, आडवा धागा संपला. जुने लूम आपोआप थांबत नसत. आवाज बदलला की कारागीर ओळखे आणि लूम थांबवी. सावळारामला तो बदल ऐकूच आला नाही. बोटभर रुंदीची पट्टी विरळ राहिली. तपासणीत शेटने मला बाजूला टाकलं आणि म्हणाला, “ये माल नहीं चलेगा. घर ले जा.” सावळाराम किती तरी वेळ त्या पट्टीवरून हात फिरवत बसला. आपले कान गेले, हे त्याला माझ्यामुळे कळलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी गोदूने माझे दोन तुकडे जोडून मोठी चादर शिवली. माझ्यावर भात वाळला, पापड वाळले. घरात मी सगळं बघत होतो. सावळाराम विचारी, “काय म्हनली?” आणि घरातलं कुणी तरी म्हणे, “काय न्हाय, ऱ्हाऊ दे.” मग हळूहळू त्याने विचारणंच सोडलं. मलाही घडी घालून पेटीत ठेवलं.

मेघाली मोठी झाली. भिवंडीच्या एका वाचनालयात तिथल्या ग्रंथपाल नीलाबाईंनी निबंधपटांचा छोटासा महोत्सव भरवायचं ठरवलं. निबंधपटात नट नसतात, गोष्टही असेलच असं नाही. एक माणूस चित्रं दाखवत आपल्या मनातलं बोलतो, एवढंच. मेघालीने बारा मिनिटांचा निबंधपट केला, तोही बापाच्या कानांवर. वाचनालयाकडे पडदा नव्हता, म्हणून तिने मला पेटीतून काढलं, धुतलं आणि इस्त्री केली. इतकं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं.

सावळाराम यायला तयार नव्हता. “मना काय ऐकू येनार हाय?” एवढंच म्हणाला. मेघालीला तर दुसऱ्या कुणाला नाही, त्यालाच ते ऐकवायचं होतं. गोदूने त्याला कसंबसं आणून पुढच्या रांगेत बसवलं.

रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. माझ्यावर लूम चालू लागले. मेघालीचा आवाज घुमू लागला. सावळाराम डोळे फाडून बघत होता. थोड्या वेळाने तो गोदूकडे वळला. “काय म्हनते पोर?”

सवयीने गोदू बोलून गेली, “काय न्हाय, ऱ्हाऊ द्या.”

मागे बसलेल्या मेघालीने ते ऐकलं. ती उठली. तिने नीलाबाईंना चित्रपट पहिल्यापासून लावायला सांगितला आणि माझ्या उजव्या कडेला, त्या विरळ पट्टीपाशी, उजेडात उभी राहिली. आवाज चालू झाला तसे तिचे ओठ आणि हात बोलू लागले, अगदी कारखान्यातल्यासारखे. सावळाराम पुढे सरकून बसला.

मग ते वाक्य आलं. “बाबा, तुम्ही विचारायचात, काय म्हणालीस? मी म्हणायचे, काही नाही. खरं तर मला पुन्हा सांगायचा कंटाळा यायचा.”

तिथे तिचे हात थांबले. ती बापाकडे बघेना.

सावळारामने डोळे पुसले. मग बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं.

तिने पुढचं सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही.

घरी आल्यावर गोदू ती पट्टी रफू करायला बसली, तर सावळारामने तिचा हात धरला. “नको. पोर तितं उभी राहून बोलली माझ्याशी.”

मित्रांनो, मला जपून वापरा, ओलसर जागी ठेवू नका, एवढीच माझ्यापुरती विनंती. पण तुमच्या घरात कुणी “काय म्हणालास?” असं विचारलं, तर “काही नाही” म्हणू नका. त्यांना तुमचं तोंड दिसेल असे समोर उभे राहा आणि पुन्हा सांगा. त्यांनी विचारणं सोडण्याच्या आत सांगा.