थांब म्हणायचे राहिले

वैशाखाच्या ऐन मध्यान्ही करंजमाळ तांबूस-पिवळा होऊन पडला होता. निर्जल, निस्तेज, निःशब्द. वाळल्या कुसळांच्या लाटा क्षितिजापर्यंत पसरल्या होत्या आणि त्या लाटांवर ऊन थरथरत होते. तापल्या भुईतून उष्ण हवेचे अदृश्य स्तंभ वर चढत होते. त्यांच्या आधाराने घारी पंखही न हलवता गोल गोल वर जात होत्या.

घारींच्या बरोबरीने माणसेही जात होती.

माळाच्या मध्यभागी पत्र्याची एक शेड होती, शेडशेजारी पिवळ्याधमक झुंबरांनी लवलेला एक बहावा होता, आणि समोर मातीची लांबच लांब धावपट्टी. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला विंच, म्हणजे तार ओढणारे यंत्र, घरघरत असे. किलोमीटरभर लांबीची पोलादी तार ते गरागरा गुंडाळून घेई, आणि तारेच्या टोकाला बांधलेले ग्लायडर पतंगासारखे आभाळात चढे. मग तार सुटे. मग इंजिन नाही, धूर नाही. फक्त दोन लांब पांढरे पंख आणि वारा.

त्या पांढऱ्या पंखांकडे पाहत, बहाव्याच्या चाळणीसारख्या सावलीत, सुनीती खरवंडीकर उभी होती.

ती कऱ्हाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. वय बेचाळीस. दोन वर्षांपूर्वी, अशाच एका वैशाखात, तिचा नवरा विश्राम याच माळावरून एकटा उडाला होता आणि याच माळावर कोसळला होता. तेव्हापासून ती इकडे फिरकली नव्हती. आता सुट्टी लागल्यावर मुलीला, इराला, मामाकडे पोचवून ती आली होती; एकटी, न कळवता.

क्लबचे मुख्य प्रशिक्षक दत्ताराम मोहोळकर शेडमधून बाहेर आले आणि तिला पाहताच जागच्या जागी थबकले. विश्रामचे ते वीस वर्षांपासूनचे मित्र. उन्हाने रापलेला चेहरा, पांढरी होत चाललेली मिशी. तो चेहरा क्षणात राखेसारखा झाला.

"वहिनी? तुम्ही?"

"मला वर घेऊन चला, भावोजी," ती म्हणाली. "घरापेक्षा, इरापेक्षा त्यांना जे मोठं वाटलं, ते आहे तरी काय, ते एकदा बघायचंय."

मोहोळकर ग्लायडरकडे वळले.

पहिल्या दिवशीचे उड्डाण सहा मिनिटांचे. ग्लायडरमध्ये दोन बैठका, एकीमागे एक. पुढे ती, मागे ते. काचेचे झाकण मिटले, तार ताणली गेली, आणि भुई एकाएकी पायांखालून निघून गेली. सुनीतीने डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा माळ गालिच्यासारखा खाली पडला होता, ओढ्याची कोरडी रेघ होती, बाभळीचे ठिपके होते. आणि शांतता होती. अथांग, निळी, पंखांवरून घसरत जाणारी शांतता.

हे सुंदर होते, आणि याचाच तिला विलक्षण राग आला. सुंदर नसते तर तिला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी ती थर्मासमध्ये कैरीचे पन्हे घेऊन आली. त्या दिवशी उष्ण हवेचा स्तंभ सापडला. एक घार काचेच्या झाकणालगत येऊन बरोबरीने फिरू लागली. तिचा तपकिरी, निर्विकार डोळा सुनीतीने हातभर अंतरावरून पाहिला. चाळीस मिनिटे ते वर फिरत राहिले. सोनेरी उन्हाच्या पायऱ्यांवरून वर, आणखी वर. खाली आल्यावर तिचे गाल तापले होते आणि डोळ्यांत कितीतरी दिवसांनी एक ओली चमक होती.

बहाव्याखाली बसून तिने पेल्यात पन्हे ओतले.

"तुमच्यासाठीच केलंय, भावोजी. कधी बोलले नाही मी, पण आज बोलते. तुम्ही त्यांना अडवलं होतंत. 'आज हवा चांगली नाही, जाऊ नकोस,' असं सांगितलं होतंत. अपघाताच्या चौकशीच्या कागदात ते मी वाचलं. त्यांनी नाही ऐकलं. आम्हा दोघींचा विचार त्यांच्या मनात आला नाही, पण तुमच्या मनात आला. दोन वर्षं मला तेवढाच आधार होता."

मोहोळकरांनी पेला ओठांना लावला. वेलदोड्याचा गंध आला, गुळाची गोडी आली. पण त्यांनी पेला तसाच खाली ठेवला. बहाव्याची एक पाकळी पेल्यात पडली आणि पिवळ्या रसावर गोल फिरत राहिली. ते त्या पाकळीकडे बघत राहिले. सुनीतीकडे त्यांना बघवेना.

तिसऱ्या दिवशी वारा बिथरला. सकाळपासून माळावर वावटळी उठू लागल्या. धुळीचे तांबडे, वळवळते खांब. दुपारी वारा जरा निवला म्हणून ते दोघे उडाले. दोन हजार फुटांवर स्तंभ गवसला आणि ग्लायडर संथ वर्तुळे घेऊ लागले.

मागच्या बैठकीवरून मोहोळकरांना तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती तिची मान, घामाने चिकटलेल्या केसांच्या दोन बटा, आणि त्यांच्यापलीकडे अपार आकाश. चेहरा दिसला असता तर ते बोललेच नसते.

"वहिनी," ते म्हणाले, "मी अडवलं नव्हतं त्याला."

वारा पंखांवरून सुसाटत राहिला.

"त्या दिवशी वावटळी उठत होत्या. विश्रामच माझ्याकडे आला. म्हणाला, 'दत्ता, आज मन घेत नाही. राहू दे का?' चार लोक होते भोवती. आणि मी... मी हसलो. म्हटलं, 'मग घरी फोन करून विचार बायकोला, जाऊ का म्हणून.' सगळे हसले. तोही हसला. आणि जाऊन बसला आत."

वर्तुळ पूर्ण झाले. दुसरे सुरू झाले.

"उतरताना वावटळ आडवी आली. चौकशीत मी लिहिलं, मी अडवलं होतं. बाकीचे गप्प बसले. एवढंच."

समोरच्या तबकडीवरचा काटा चढतीकडे झुकला होता. ग्लायडर वर जात होते. शब्द दगडासारखे खाली गेले होते आणि ते दोघे, हलके, असहाय, वर वर जात होते.

मग तिचा आवाज आला; सपाट, कोरडा, ओळख नसलेला.

"खाली घ्या, मोहोळकर."

त्यांनी ग्लायडरचे नाक धावपट्टीकडे वळवले. आणि त्यांना दिसले की पट्टीच्या तोंडाशीच एक तांबडी वावटळ उठली आहे. धूळ, काटक्या, पाचोळा उधळीत डुलते आहे. दोन वर्षांपूर्वीसारखीच.

"आत्ता नाही," ते म्हणाले. "आत्ता उतरायचं नाही. थांबायचं."

"मला उतरायचंय."

"नाही. थांबायचं."

आणि ते पुन्हा त्या स्तंभात शिरले. ज्याच्यापासून पळून जावे असे तिला वाटत होते, त्याच्या हाती जीव देऊन ती बसून राहिली. जिच्यापुढे उभे राहण्याची त्यांना लाज वाटत होती, तिला सांभाळत ते फिरत राहिले. एक वर्तुळ, दुसरे वर्तुळ, दहावे वर्तुळ. खाली धूळ नाचली, दमली, विरली. एवढेच करायचे होते त्या दिवशी. एवढेच.

अर्ध्या तासाने ग्लायडर उतरले. पाण्याला पाखरू टेकावे इतके अलगद. काचेचे झाकण उघडून सुनीती बाहेर आली. दोन पावले गेली आणि वळली.

"दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही," ती म्हणाली. "फोटोसुद्धा उतरवून ठेवला. इरानं बाबांचं नाव काढलं की रागावायची मी तिला. म्हणायची, तो माणूस आपल्याला टाकून गेला." "ते 'राहू दे का?' म्हणाले होते. त्यांच्या मनात आलं होतं. हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत."

"वहिनी..."

"लिहून द्या."

"देतो."

चौथ्या दिवशी दुपारी मोहोळकरांनी शेडमध्ये सगळ्या सभासदांसमोर दोन पाने वाचून दाखवली. दोन वर्षांपूर्वी हसलेल्यांपैकी तिघे तिथेच होते. त्यांच्या माना खाली गेल्या. क्लबच्या वयोवृद्ध चिटणीसबाई, उषाताई देवभानकर, हळूच म्हणाल्या, "दत्ताराम, झालं ते झालं. आता कशाला उकरून काढता?" मोहोळकर म्हणाले, "ताई, ते पुरलेलं नव्हतंच." चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी एक प्रत, क्लबसाठी एक. तिसऱ्या कागदावर प्रशिक्षकपदाचा राजीनामा. सह्या करून त्यांनी कागद पुढे सरकवले.

सुनीतीने दाराशी उभे राहूनच सगळे ऐकले. "इरासाठी एक प्रत द्या," एवढेच म्हणाली. कागदाची नीट घडी करून तिने पिशवीत ठेवली. मग विचारले, "ते कुठं पडले?"

"पूर्वेला. त्या पांगाऱ्याच्या झाडापलीकडे. मी येतो दाखवायला."

"नका येऊ."

ते आले नाहीत. शेडच्या सावलीच्या काठावर उभे राहून तिची पाठ लहान लहान होत जाताना बघत राहिले. तिने क्षमा केली नव्हती. तिने शापही दिला नव्हता. त्या दोन्हींच्या मधल्या ओसाड जागेत आता उरलेले आयुष्य काढायचे आहे, हे त्यांना कळले.

पांगाऱ्यापलीकडे काहीच नव्हते. खूण नव्हती, डाग नव्हता. कुसळे होती, तापलेले खडे होते, आणि कुसळांच्या बुडाशी वैशाखाला न जुमानता उमललेली इवलीइवली जांभळी रानफुले होती. सुनीती तिथे मांडी घालून बसली, जशी जेवणानंतर स्वयंपाकघरात विश्रामसमोर बसत असे.

"अहो," ती म्हणाली.

आणि थांबली. दोन वर्षांचे रडू आत्ता, या उन्हात, या उघड्यावर, ओंजळीत न मावता आले. ती रडली, अगदी मोकळी, अगदी मोठ्याने. ऐकायला फक्त माळ होता. मग पदराने तोंड पुसून ती बोलू लागली. इराचे दात पुढे आलेत, तार बसवावी लागली. तुमची सायकल ती चालवते आता. पायरीशी लावलेला कढीपत्ता गच्चीपर्यंत पोचला. मी तुमच्यावर फार रागावले होते, फार.

ऊन कलले. कुसळांची टोके एकेक करून तांबूस झाली. ती बोलत होती. सावल्या लांबल्या, पांगाऱ्याची सावली तिच्या खांद्यावर आली, तरी ती बोलत होती. वारा पडला, घारी उतरल्या, आकाश रिते झाले. आणि त्या रित्या, विस्तीर्ण, मावळत्या माळावर एका बाईचा हलका आवाज घरातल्या साध्यासुध्या गोष्टी सांगत राहिला, सांगत राहिला.