महाराजांची प्राणनळी

हॉल गच्च भरला होता. व्यासपीठावर प्राणमहाराज मखमलीत गुंडाळलेली नळी एकेका दमेकऱ्याच्या तोंडाला लावत आणि दटावत, "डोळे मीट! आतलं पाप बाहेर सोड! आता विश्वाचा प्राण ओढ, हळू... धर!" विश्वाचा प्राण म्हणे! पंख्याखाली बसून हे स्वतः घामाघूम झाले होते.

माझ्या वडिलांची, अप्पांची पाळी आली. गॅरेजमध्ये गाड्यांना स्प्रेने रंग मारता मारता त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. दवाखान्यातून दिलेला दम्याच्या औषधाचा पंप वर्षभर घेऊनही फरक नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते, घरी मात्र माझं एकच पालुपद, "अप्पा, तुम्ही पंप चुकवता आणि वर खोकत बसता!" शेवटी त्यांच्याच हट्टापायी आम्ही इथे आलो होतो.

नळी ओढल्यावर काही मिनिटांतच अप्पा ताठ बसले. "पोरी, मोकळं वाटतंय गं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी पिंप पुढे सरकवलं. "पंप टाका यात. पंप जवळ असला की प्राण रुसतो. पुढची नळी पुढच्या महिन्यात."

अप्पांनी खिशातला पंप काढला. घरी गेल्यावर दम लागला तर काय करायचं?

"थांबा!" मी ओरडले. नळीतून आलेला तो 'फुस्स' आवाज मी घरी कितीतरी वेळा ऐकला होता. "महाराज, नळी आहे ना? मग आरपार दिसत असेल. दाखवा की!"

"अश्रद्ध डोळ्यांना दिसत नाही, बाई."

"मग तुम्ही बघून सांगा."

लोक हसले. महाराज नळी लपवू लागले तशी पहिल्या रांगेतल्या आजींनी ती हिसकावली. मखमल सुटली आणि आतून पंप खाली पडला, अगदी अप्पांच्या पंपासारखा.

"मेल्या, आमचंच औषध आम्हाला?" आजी कडाडल्या. महाराज अनवाणीच पळाले.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. तेच औषध इथे लागू पडलं, मग घरी का नाही? बाहेर पायरीवर बसून मी म्हटलं, "अप्पा, घेऊन दाखवा बरं."

त्यांनी पंप तोंडात धरला, दाबला आणि श्वास रोखला. मग सोडला, तर तोंडातून पांढरं धुकं बाहेर आलं.

"ओढला का नाहीत?"

"अगं, स्प्रे सुटला की श्वास रोखायचा. गॅरेजच्या उस्तादांनी रंगकामाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नाहीतर सगळं छातीत जातं."

महाराजांपुढे डोळे मिटलेले, त्यामुळे तो 'फुस्स' म्हणजे स्प्रे हे अप्पांना कळलंच नव्हतं; महाराजांनी 'ओढ' म्हटलं आणि त्यांनी ओढलं. म्हणून औषध छातीत पोचलं. आणि मी वर्षभर त्यांनाच बोल लावत होते! मला मान वर करवेना. "चुकलंच माझं, अप्पा."

"जाऊ दे गं," ते म्हणाले. त्याने तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्याकडून नीट करून घेतलं. आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, ओढायला लागतानाच पंप दाबायचा, हळू ओढत राहायचं आणि मग श्वास रोखायचा. रोजचा पंप बरं वाटलं तरी बंद करायचा नाही, हेही बजावलं. अप्पांचा श्वास अजून सवयीने अडतो. मी शेजारी बसते.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो उघडून बघा, हे मी मुलांना नेहमी सांगते. आता आणखी एक सांगते. औषध लागू पडत नाही म्हणून आपल्या माणसावर डाफरण्याआधी त्याला म्हणा, "घेऊन दाखवा." मी वर्षापूर्वी एवढं म्हणाले असते, तर धापा टाकत त्या हॉलच्या पायऱ्या चढायची वेळ अप्पांवर आलीच नसती.