जावयाच्या नावाचा गुंड

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. सौंदडजवळच्या एका घरात, चुलीच्या खोलीच्या दाराशी लाकडी घडवंची आहे. तिच्यावर चिंचेने घासलेला, पाण्याने भरलेला पितळी गुंड चकाकतो आहे. तो मी. आता जुना झालो; ही गोष्ट स्वराज्य येण्याच्या दहाएक वर्षे आधीची.

त्या घरची सून देवकाबाई हिच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला आंदण दिले. माझ्या गळ्यावर त्यांनी नाव कोरून घेतले, तेही लेकीचे नाही, मानाने जावयाचे. पुढे बरीच वर्षे शेतातून आलेला तिचा नवरा केवलराम आधी माझ्याकडेच यायचा.

मग त्याने गोंदियाच्या बाजारातून तांब्याचा हंडा आणला. घडवंचीवर तो बसला, मी जमिनीवर आलो. शेजारणी त्यालाच हात लावून बघायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. देवकाबाईची आठ वर्षांची लेक रुख्मा तेवढी माझ्यातले पाणी प्यायची.

पुढे नवराबायकोचे पटेना. पंच अंगणात बसले. त्यांच्या समाजात रीत अशी, की वाळकी काडी मोडली म्हणजे लग्न मोडले. पण त्याआधी सामान वेगळे करायचे. माहेरून आलेले बाईचे, नवऱ्याने घेतलेले नवऱ्याचे. मलाही अर्ध्या पाण्यासह अंगणात आणले.

"गुंड माह्या आहे, नाव पाहा," केवलराम म्हणाला. "माह्या नावाचं भांडं दुसऱ्याच्या गावी पानी भरन काय? तिनं हंडा न्यावा. नवा आहे, जड आहे."

मी आतून पेटलो. आता देवकाबाईसुद्धा त्या हंड्यालाच निवडणार!

"हंडा तुमच्या कमाईचा," ती म्हणाली. "मले कायले पायजे? माह्या बाबाचा गुंड द्या."

म्हातारे पंच केशोराव माझ्या गळ्यावरून बोट फिरवत वाचू लागले. "'जावई केवलराम यांस.' काऊन गा, सोताच भांडं घेतलं अन् सोतालेच जावई म्हनलं?"

अंगणात हसू पसरले. केवलरामने मान खाली घातली. "बाई, गुंड तुह्या," केशोराव म्हणाले आणि त्यांनी काडी मोडली.

मित्रांनो, भांड्यावरचे नाव वाचून थांबू नका. ते कोणी, कोणासाठी दिले, तेही विचारा आणि जपा. मी मात्र तेव्हा एवढेच म्हणत होतो, की हंडा हरला.

रुख्माने मला दोन्ही हातांनी उचलले आणि थेट घरात, त्या हंड्यापाशी नेले. तो कोरडाच होता.

"बाबाले पानी लागन," ती आईला म्हणाली. माझ्यातले पाणी तिने शेवटच्या थेंबापर्यंत हंड्यात ओतले. मग मला डोक्यावर घेऊन ती आईच्या मागे चालू लागली.