चौथ्या रिळाचा शेवट

"अगं, ते बंद कर आणि काहीतरी गाणीबिणी लाव," ऑपरेटर म्हणाला.

"बाबा, दोन आठवडे शोधत होते मी हा सिनेमा. आणि वाढदिवस काकाचा आहे, तुमचा नव्हे. काका, बंद करू?"

ऑपरेटरच्या धाकट्या भावानं मान हलवली. नको. तो सोफ्याच्या कडेला, पाठ न टेकता बसला होता. थोरला ज्या थेटरात सिनेमाची मशीन चालवायचा, तिथंच चोवीस वर्षं डोअरकीपर होता तो. हातात कायम बॅटरी, म्हणून थेटरात सगळे त्याला बॅटरीच म्हणायचे. बोलताना त्याचा शब्द अडकायचा. पण अंधारात खुर्चीवर झोत टाकला की बोलावं लागत नाही. ही नोकरी थोरल्यानंच लावून दिली होती. भावाला जमेल असं काम शोधलं, म्हणून तेव्हा तो स्वतःवर खूशही होता.

टीव्हीवर एका घरातली सात माणसं एकाच न्हाणीघरासाठी भांडत होती. लेक हसून लोटपोट. ऑपरेटरनं घड्याळ पाहिलं. तिसरं रीळ संपलं. चौथं वीस मिनिटांचं. त्याच्या शेवटी तो सीन होता, जो त्यानं चाळीस वर्षांपूर्वी कात्रीनं कापला होता आणि भावाला सांगितलं होतं की असा सीन सिनेमात नाहीच.

वीस मिनिटं

सिनेमातला मामा अडखळत बोलायचा. पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, जेवणाच्या टेबलाशी मामा उभा राहिला, "म-म-मला" म्हणाला आणि हशानं थेटर फुटलं. केबिनच्या भोकातून ऑपरेटरला पडदा नाही दिसला. पडद्याशेजारचं दार दिसलं, आणि दारात बॅटरी घेऊन उभा असलेला भाऊ.

मध्यंतरात दोन टारगटांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय मामा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटर लवकर आला. "म-म-मला"पासून रिळाच्या टोकापर्यंत सगळं कापलं. पावणेतीनशे फूट. टोकं चिकटवली, रीळ बदलायची खूण असलेला ठिपका सुईनं अलीकडे कोरला. आता मामा उभा राहायचा आणि पुढच्या क्षणी सगळे बागेत. अकरा आठवडे सिनेमा चालला. कुणाला पत्ता नाही.

एकाला होता. कापलं त्याच दुपारी भाऊ जिना चढून केबिनमध्ये आला. चेहरा पांढराफटक.

"दादा, मामाचं बो-बो..."

"बोलणं? तेवढंच आहे ते."

"का-काल तर..."

"काल होतं? भास झाला असेल रे तुला."

त्याची वाक्यं पुरी करायची सवयच होती थोरल्याला. मायेनंच करायचा तो.

बारा मिनिटं

"चहा टाक की," ऑपरेटर लेकीला म्हणाला. "गरम पाहिजे काहीतरी."

लेकीनं बटण दाबलं. सिनेमा जागच्या जागी थिजला. मामाचं तोंड उघडंच राहिलं.

"आलेच करून. तुम्ही काही चुकवणार नाही."

आमच्या वेळी असं थांबवलं असतं तर पब्लिकनं खुर्च्या फोडल्या असत्या, असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं. दोघं भाऊ थिजलेल्या मामाकडे पाहत बसले. धाकट्याचा उजवा अंगठा मांडीवर हलत होता, हातात बॅटरी असल्यासारखा. बटण दाबायचं, सोडायचं. बटण दाबायचं, सोडायचं.

"तुला कंटाळा आला असेल तर फिरून येऊ या," ऑपरेटर म्हणाला.

"ना-ना..."

"नाहीच म्हणतोस ना? बरं."

धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा टीव्हीकडे वळला.

सात

चहा आला. ऑपरेटरनं रिमोट आपल्या मांडीखाली सरकवला. लेकीनं तो मांडीखालून काढून घेतला.

"बाबा, लहान मुलासारखं काय चाललंय?"

चार

खरं सांगायचं तर रिळाचा शेवट ऑपरेटर कधी पाहतच नाही. तेव्हा तो पुढचं रीळ लावायला दुसऱ्या मशीनशी असतो. फिल्म चढवायची, दिव्याचे कार्बन पेटवायचे, आणि मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो कधी, एवढंच बघायचं. माणसं हसोत की रडोत, त्याचा डोळा कोपऱ्यावर. हजारो खेळ चालवले त्यानं आणि एका रिळाचा शेवट धड पाहिला नव्हता. या रिळाचाही नाही. हसणं ऐकलं होतं, पुढचं दोन मशीनींच्या घरघरीत बुडालं होतं, भावाचं तोंड पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर कात्री चालवली होती.

मामा उभा राहिला आणि

तीन

"म-म-मला" म्हणाला.

"मीठ?" टेबलाशी बसलेल्या आजीबाई म्हणाल्या.

"मिरपूड?" भाचा म्हणाला.

"मफलर!" मेहुणा म्हणाला. "थंडी वाजतेय त्यांना."

लेक खोखो हसत होती. ऑपरेटर खाली चटईकडे पाहत होता. टीव्हीवरचा गलका थांबला तेव्हा त्यानं वर पाहिलं.

मामा टेबलाभोवती फिरत होता. प्रत्येकाच्या हातातला चमचा काढून घेत होता. मेहुण्यानं आपला घट्ट धरला. मामानं बोटं एकेक करून सोडवली. सहा चमचे वरच्या खिशात खोचून तो जागेवर आला. आता कुणी काही बोलेना. मामा पाहुणी म्हणून आलेल्या शिक्षिकेकडे वळला आणि बोलला. प्रत्येक शब्दावर अडला, पण त्याला कुणी मदत केली नाही, आणि अख्खं वाक्य त्याचं त्यानं पार केलं. मला तुमच्याशी लग्न करायचंय. उत्तराची घाई नाही.

शिक्षिकेनं आपला चमचा स्वतःहून त्याच्या हातात दिला.

कोपऱ्यात ठिपका चमकला. ऑपरेटरचा हात आपोआप दुसऱ्या मशीनकडे गेला आणि सोफ्याच्या कडेवर आपटला.

पुढचं रीळ

"होता," धाकटा म्हणाला. एकही अक्षर न अडकता.

"काय होता, काका?"

"सीन."

ऑपरेटरनं कप खाली ठेवला. "होता. मीच कापला. हसत होते रे सगळे."

"आ-आधी," धाकटा म्हणाला. "आधी हसले. नंतर टा..."

टाळ्या. थोरल्याच्या जिभेवर शब्द आला होता. त्यानं दात दाबले. धाकट्यानं श्वास घेतला.

"टाळ्या. उभं राहून."

लेकीनं एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. सिनेमाचा आवाज तिनं बारीक केला.

"खि-खि..." धाकटा म्हणाला.

"खिडकी उघडू, काका?"

ऑपरेटरनं तिच्या मनगटावर हात ठेवला. जोरात.

"खि..." धाकट्याच्या मानेची शीर ताणली. अंगठा मांडीवर थांबला होता. "खिडकीवालीला आ-आत बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी. म्हटलं, एक सीन दा... दाखवतो."

तिकीटखिडकीवरची. ऑपरेटरला ती दिसली. दुसऱ्या दिवशीचा दुपारचा खेळ, कडेची खुर्ची, मागे उभा असलेला भाऊ. केबिनमधून पाहून त्याला गंमत वाटली होती. संध्याकाळी चिडवायचं ठरवलं होतं आणि विसरून गेला होता. टेबल, मामा, आणि एकदम बाग. तिनं मान मागे वळवून काहीतरी विचारलं होतं. भावाचे ओठ बराच वेळ हलत होते. मग बॅटरीचा झोत तिला दारापर्यंत घेऊन गेला.

वर्षभरानं तिनं नोकरी सोडली. दुसऱ्याशी लग्न झालं म्हणून.

"आणि..." धाकटा म्हणाला, आणि पुन्हा अडला.

टीव्हीवर सगळं कुटुंब बागेत धावत होतं. तिघांतलं कुणी तिकडे पाहत नव्हतं. चहावर साय धरली. ऑपरेटर ओठ मिटून भावाच्या तोंडाकडे पाहत होता, आणि वाट पाहत होता.