कापडाची मादी

ऑरिनने पिशवीतून ती वस्तू काढली, फटकन उघडली आणि बहिणीकडे अशा ऐटीत बघितलं, जणू जगातला पहिला एल्क यानेच घडवला. तारेच्या चौकटीवर ताणलेलं कापड आणि त्यावर छापलेली एल्कची, म्हणजे घोड्याएवढ्या डोंगरी हरणाची, मादी. डोळे मोठाले, पापण्या लांबसडक.

"कशी आहे, ताई?"

"लिपस्टिक तेवढी राहिली," व्हर्ना म्हणाली.

"हस, हस. नर हिच्यामागे धावत आला ना, की मग बोलू."

बोलण्यात व्हर्नाला रस नव्हता. या डोंगरातल्या शिकारीचे परवाने सोडतीने मिळतात, आणि त्या सोडतीत नाव निघेपर्यंत तिचे केस पिकले होते. पुन्हा नंबर लागायचा म्हणजे ती वर गेल्यावरच. त्यात हंगामाचा आज शेवटचा दिवस. बापाने तिला वारा ओळखायला शिकवलं होतं, तोंड मिटून वाट बघायला शिकवलं होतं. चित्रं मिरवत हिंडायला नव्हतं शिकवलं. पण मारलेल्या एल्कचं मांस पाठीवर लादून खाली आणायचं तर दोन धड गुडघे लागतात, आणि तिचा एक केव्हाच कामातून गेलेला. म्हणून भावाला बोलावलं. अडला हरी, दुसरं काय! ऑरिन शहरात सोफे विकायचा. शिकारीतलं त्याचं सगळं ज्ञान म्हणजे दुकानदाराने हे कापड गळ्यात मारताना केलेली बडबड.

"नीट ऐक," ती म्हणाली. "मी इथे, या पडलेल्या खोडाआड, धनुष्य घेऊन. तू माझ्या मागे, वर त्या झाडांत. मादी तिथे उभी कर, तिच्याआड बस आणि हाका मार. नर तिच्याकडे बघत माझ्यासमोरून आडवा जाईल. काही झालं तरी तिथून हलायचं नाही."

"मला काय कुकुलं बाळ समजतेस?"

"बाळ परवडलं. ते झोपतं तरी."

ऊन कलायला लागलं. मागून ऑरिनची पहिली हाक आली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी. व्हर्नाने कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. मग बराच वेळ काहीच नाही. आणि अचानक खालच्या दरीतून उत्तर आलं, लांबलचक शीळ, शेवटी घोगरी झालेली. मेलं ते कापड लागू पडलं की!

नर झाडीतून बाहेर आला. केवढा तो! शिंगं मागे टाकून, मान ताठ करून तिच्या समोरच्या गवतात येऊन आडवा उभा राहिला. तिने धनुष्य पूर्ण ओढलं. पण नर वर बघतच नव्हता. तो बघत होता खाली, गवताच्या पलीकडच्या कडेला. व्हर्नाने तिकडे पाहिलं.

तिथे कापडाची मादी उभी होती. वरून नीट दिसत नाही म्हणून शहाणे झाडांतून निघून, वळसा घालून खाली उतरले होते! कापडावरून ऑरिनची लाल टोपी डोकावत होती, आणि टोपीपुढे मोबाइल. फिल्म काढत होता गाढव.

बाण एल्कच्या आरपार जातो, हे या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाण, नर, कापड आणि ऑरिन, सगळे एका रेषेत.

सरक, मुडद्या, सरक, ती मनातल्या मनात म्हणत राहिली. तो सरकला नाही. उलट नराला भुलवायला त्याने कापडाचं शेपूट हलवलं. नर जागचा हलेना. तिचे दंड पेटले, खांदा थरथरायला लागला. शेवटी तिने दोरी हळूहळू सोडून बाण खाली घेतला. तेवढी हालचाल नराला पुरली. फांद्या मोडत तो निघून गेला. व्हर्नाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

"अगं, काय केलंस हे!" ऑरिन ओरडतच वर आला. "समोर येऊन उभा राहिला होता! हात कापले ना? वय झालं ताई तुझं, मान्य कर."

तिने धनुष्य उचललं आणि ती डोंगर उतरायला लागली.

खाली तळावर शेजारच्या तंबूतला लेलंड आणि त्याची बायको शेकोटीवर घेवडा शिजवत होते. ऑरिनने बूटही काढले नाहीत, आधी मोबाइल काढला.

"हे बघा! माझ्या मादीने आणून दिला, आणि आमच्या ताईसाहेबांनी घालवला!"

दोघं हसत हसत वाकले. मग लेलंडचं हसू थांबलं.

"पुन्हा लाव," तो म्हणाला. "ऑरिन, नर नको बघूस. त्याच्या पाठीच्या वर बघ."

उतारावर व्हर्ना दिसत होती. ओढलेलं धनुष्य आणि बाणाचं टोक, थेट बघणाऱ्याच्या छातीवर. किती तरी वेळ तसंच. ऑरिनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"ताई, मी दिसत होतो तुला?"

"टोपीसकट."

"मग हाक नाही का मारायची?"

व्हर्नाने ताटलीत घेवडा वाढून घेतला.

"हाक मारली असती तर एल्क पळाला असता," ती म्हणाली. "म्हटलं, दोघांतला एक तरी हलेल."